ओट्यावरचं बोलणं

चुका काढणं हा माझा पेशाच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. दुकानाच्या पाटीवर वेलांटी चुकलेली दिसली तरी मला चैन पडत नाही. लग्न होऊन वणीला आले तेव्हा सासऱ्यांनी चार दिवसांत माझं नाव मास्तरीणबाई ठेवलं, आणि मला ते आवडलंही. माझ्या मुलीच्या बाबतीत याच स्वभावानं किती घोळ घातला, ते मला आता कबूल करायचं आहे.

मुलगी जन्मापासून बहिरी. दोन वर्षांची होत आली तेव्हा नागपूरला तिच्या कानाचं ऑपरेशन झालं, कॉक्लिअर इम्प्लांटचं. जखम भरल्यावर बाहेरचं मशीन सुरू करायला बोलावलं. कानामागे एक छोटं यंत्र आणि त्याच्या वायरीला एक चकती, ती डोक्यावर लोहचुंबकानं चिकटते. मशीन सुरू झालं तेव्हा ती बिस्कीट खात होती. तिचं चावणं थांबलं. मग घाबरून तिनं भोकाड पसरलं, आणि मध्येच गप्प झाली. स्वतःचं रडणं तिला ऐकू आलं होतं. तिनं पुन्हा थोडंसं रडून पाहिलं, पुन्हा थांबली. माणूस आपलाच आवाज पहिल्यांदा ऐकतो तो क्षण मी समोर बसून पाहिला, याचं नवल मला अजून वाटतं.

घरी आल्यावर ती आवाज शोधत फिरायला लागली. काही ऐकलं की कानाला बोट लावायची आणि मला ओढत न्यायची. कुकरची शिट्टी, रस्त्यावरून जाणारे कोळशाचे ट्रक, पंख्याची कुरकुर. फोडणीत मोहरी तडतडली की ती दोन्ही हात वर करून उभी राही. इतकी वर्षं मी फोडण्या दिल्या, पण मोहरीकडे कान देऊन कधी उभी राहिले नव्हते. आता आम्ही दोघी कढईपाशी उभ्या राहायचो.

पण डॉक्टरांनी बजावलं होतं. मशीन आवाज देईल, भाषा घरानं द्यायची. हीच वर्षं महत्त्वाची, पुढे ते फार अवघड जातं. ते ऐकताच माझ्यातली मास्तरीणबाई जागी झाली. कोरी पाटी आहे, तर तिच्यावर सगळं शुद्धच उमटलं पाहिजे. चित्रांची कार्डं आणली, भिंतीवर तक्ते लावले. आणि सासऱ्यांना सांगितलं, “मामाजी, हिच्यासमोर नीट मराठीत बोलत जा.”

मामाजी कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले. जन्मभर ड्रिल मशीनशेजारी काम केल्यानं त्यांनाच कमी ऐकू येतं, त्यामुळे बोलणं खणखणीत आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. सगळं ठेठ वऱ्हाडीत. त्यांनी दोन दिवस माझं ऐकलं. नातीसमोर बसून बातम्या दिल्यासारखं “बाळ, तू भोजन केलेस काय?” असं विचारायचे आणि स्वतःच अवघडायचे. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. ती आसपास असली की हातवाऱ्यांवर भागवायचे, नाहीतर दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसायचे. नवरा खाणीत शिफ्टला, तोही माझ्या धाकानं बेतानंच बोलायचा. मला वाटलं, चला, एकदाची शिस्त लागली. आज ते आठवलं की लाज वाटते.

वर्ष गेलं. चेंडू, पाणी, पंखा असे काही शब्द आले, पण विचारलं तरच. दोन शब्द जोडून ती आपणहून काही म्हणेना. अंगणवाडीत तिच्या वयाची पोरं कचाकचा भांडायची, ती नुसती त्यांच्या तोंडाकडे बघायची. वेळ हातातून निसटतोय या धास्तीनं मी आणखी कार्डं आणली.

महिन्यातून एकदा आम्ही यवतमाळला एका स्पीच थेरपिस्ट ताईंकडे जात असू. त्या एकदा म्हणाल्या की घरात फोनवर रेकॉर्डिंग लावून अर्धा तास विसरून जा आणि पुढच्या वेळी मला ऐकवा. मी ऐकवलं. माझाच आवाज. हे काय आहे? सांग. चेंडू. म्हण, चेंडू. नीट म्हण. मधे शांतता, की पुन्हा चेंडू. ऐकताना मलाच कंटाळा आला. ताईंनी मात्र मधेच थांबवून थोडं मागे नेलं आणि फोन कानाशी धरला. माझ्या चेंडूमागे दुरून कोणीतरी रंगात येऊन बोलत होतं.

“काय वं, पोट नाई भरलं काय तुहं? आता तं पाला खाल्ला. कायले पाह्यतं माह्याकडे? नाई देत मी. नाई म्हणलं नं.”

हे कोण, ताईंनी विचारलं. मी ओशाळून सांगितलं की सासरे आहेत, ओट्यावर शेजारच्या बकरीशी बोलताहेत. आणि नातीशी, त्यांनी विचारलं. मग काय घडलं होतं ते हळूहळू सगळं सांगितलं.

ताई रागावल्या नाहीत. “मॅडम, तुम्ही तिची परीक्षा घेताय,” त्या म्हणाल्या. “भाषा सगळी त्या बकरीला मिळतेय.”

एसटीत वणीपर्यंत मी मुलीला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आले ती सरळ ओट्यावर गेले आणि म्हटलं की मामाजी, माझं चुकलं, तिच्याशी तुमच्या भाषेत बोला. त्यांनी कानाशी हात नेला. माफी मला तीनदा मागावी लागली, तिसऱ्यांदा एवढ्या मोठ्यानं की अख्ख्या गल्लीला कळली. त्यांनी शेजारच्या बकरीकडे पाहिलं. मग म्हणाले, “मंग बकरीनं काय करावं?”

थंडीचे दिवस होते. दुपारी आजोबा आणि नात ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसायला लागले, मामाजी तिच्या मशीनच्या बाजूला. आपलं बोलणं समोरच्याला ऐकू गेलं की नाही याची खात्री नसल्यानं मामाजी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात. इतकी वर्षं मी त्याला वैतागत होते. ताईंना नेमकं तेच हवं होतं. पोर त्यांच्या तोंडाकडे बघत शेंगा सोलायची आणि एक दिवस तिनं विचारलं, “काहून?” म्हणजे का. मग दिवसभर काहून. मोहरी काहून, ट्रक काहून. माझी जीभ शिवशिवायची, पण मी ती दातांखाली धरली.

संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. मामाजी ओट्यावर पाठमोरे बसले होते आणि बकरीनं येऊन त्यांच्यामागच्या टोपलीत तोंड घातलं. मुलगी दारातून ओरडली, “आबाजी, बकरी!” त्यांना ऐकू गेलं नाही. ती पुन्हा ओरडली. मग जवळ गेली, त्यांच्या एका कानामागे पाहिलं, दुसऱ्या कानामागे पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. तिनं डोक्यावरची चकती ओढून काढली, कानामागचं यंत्र काढलं आणि त्यांच्या पांढऱ्या केसांवर ठेवलं. ते घसरलं. तिनं पुन्हा ठेवलं आणि तळव्यानं दाबून धरलं.

“आबाजी, तुले आयकू नाई येत नं? माहं घे.”

तिनं आयुष्यात पहिल्यांदा आपणहून जोडलेलं पूर्ण वाक्य, आणि ते तिला स्वतःला ऐकू आलं नाही. मी दारात उभी होते. एवढीशी पोर, तिच्याजवळचं सगळं ऐकणं काढून देत होती, आणि देताना लागणारे शब्दही तिच्यापाशी होते.

मामाजी मान न हलवता बसून राहिले, ते पडू नये म्हणून. “येते वं माय,” ते म्हणाले, “समदं आयकू येते मले.” ती नुसतीच त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

बकरी टोपलीत खुशाल खात होती, तिला मी खाऊ दिलं. खाली बसले, यंत्र पोरीच्या कानामागे लावलं, चकती टकन चिकटली. मग तिच्या कानाशी वाकून म्हटलं, “आबाजी काय म्हणून राह्यले, आयक.”

मामाजींना दोनदा सांगायची सवय आहेच. त्यांनी पुन्हा सांगितलं.