दोघांना दिलेलं फूल

देव सोडला तर रघुनाथ पाटील कोणावरही विश्वास ठेवत नसे, आणि देवाचंही काही खरं नाही असं त्याला अधूनमधून वाटे. नंदुरबारकडून लूम चालवायला सुरतेत आलेला हा माणूस आता तिथल्याच लिंबायत भागात साड्यांवर भरतकाम करणाऱ्या तीन मशीनचा मालक होता. मशीन मिळवण्यात अर्धं आयुष्य गेलं, उरलेलं आपलं डिझाईन कोण चोरतंय या काळजीत चाललं होतं. तो अगदीच वेडा होता असं नाही. इथे चांगलं डिझाईन मशीनवर चढायचा अवकाश, तेच दुसऱ्याच्या दुकानात स्वस्तात टांगलेलं दिसतं. त्याचं या हंगामात दोनदा गेलं होतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो डिझाईनच्या खोलीत शिरला. कॉम्प्युटरसमोर कोणी नव्हतं, तरी आतला पंखा जोरात घुमत होता आणि पडद्यावर काळ्या गोलावर रंगीत ठिपके फिरत होते. रघुनाथला ती काळ्या साडीवरची बुट्टी वाटली, आणि तीही सुरेख. त्याच्याकडे डिझाईन बसवणारी योगिता डबा धुऊन आली, तशी त्याने तिला दारातच गाठून आपल्या अहिराणीत दरडावलं.

"हाई कोनं डिझाईन शे? कोनले धाडी ऱ्हायनी?"

"डिझाईन नाही काका, तारे आहेत," योगिता म्हणाली आणि समजावू लागली. काही मेलेले तारे शहराएवढे लहान, पण भयंकर जड असतात आणि गरगर फिरतात. एखाद्याला जरासा उंचवटा असला, तर वाकड्या बॉबिनसारखी त्याची थरथर लाटा होऊन अवकाशात पसरत असणार. त्या शोधायला एवढी आकडेमोड लागते की जगभरचे लोक आपले रिकामे कॉम्प्युटर शास्त्रज्ञांना वापरू देतात, आणि जेवणाच्या सुट्टीत तीही हा देत होती.

"सापडनी का लाट?"

"अशा ताऱ्याची अजून एकही नाही."

"सापडत नही, तरी लोके फुकट काम करतस?"

इथे त्याची खात्रीच पटली. फुकट काम करणारा माणूस त्याने सुरतेत पाहिला नव्हता. मशीनवाल्या सगळ्या पोरांसमोर तो तिला चोर म्हणाला. हा शिक्का बसला असता तर या बाजारात तिला कोणी खुर्चीवर बसू दिलं नसतं, आणि घरात कमावणारी ती एकटीच होती.

"तिथंही कोणी कोणावर विश्वास ठेवत नाही," ती रडवेली होऊन म्हणाली. "एकच काम दोन अनोळखी कॉम्प्युटरना देतात. उत्तरं जुळली तरच मानतात."

हे मात्र रघुनाथला मनापासून आवडलं. शास्त्रज्ञ आपल्यासारखेच निघाले याचं त्याला बरं वाटलं, आणि तिला कामावरून काढण्याआधी त्याने तोच डाव उलटा करून टाकला. नव्या साडीच्या फुलाला सहा पाकळ्या होत्या. योगिताला त्याने पाच पाकळ्यांचं फूल दिलं, तर मशीन सांभाळणाऱ्या मेहुण्याला, लखनला, सात पाकळ्यांचं. दिवाळीला काढू, तोवर जपून ठेव, असं दोघांनाही वेगवेगळं बजावलं.

मग तो पाळतीवर राहिला. योगिता फोनवर हसली की संशय, गप्प बसली की जास्तच संशय. लखनने नवी चप्पल घेतली, तर त्या चपलेचाही संशय.

फूल बाजारात आलंच. दुकानात उभं राहून रघुनाथने पाकळ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग त्याला स्वतःच्या डोळ्यांचाही भरवसा वाटेना, म्हणून ती साडी आणून त्याने योगितासमोर टाकली.

"मोज."

"सहा," ती म्हणाली. "माझ्याकडे तर पाच आहेत. सहाचं कोणाला दिलं होतं?"

कोणालाच नाही. ते फक्त त्याच्या मोबाइलमध्ये होतं, आणि ऑर्डर मिळावी म्हणून त्यानेच ते ओळखीच्या व्यापाऱ्यांना पाठवलं होतं.

"चोर सगळ्यांसमोर म्हणालात. आता सगळ्यांसमोरच सांगा," योगिता म्हणाली.

त्याला लाज वाटली, खरोखरच वाटली. त्याने तिन्ही मशीन थांबवायला लावल्या आणि पोरांना जवळ बोलावलं.

"फूल मन्हाच मोबाइलमाईन गयं. योगिताले मी पाच पाकळ्यासनं दिधं व्हतं, बजारमा सहानं उनं. पोरनी काहीच करं नही."

योगिताने डोळे पुसले. मागे उभा असलेला लखन मात्र जागचा हलला नाही.

"दाजी," तो म्हणाला, "मग माले सातनं कसाले दिधं?"

मशीन बंद होत्या. प्रश्न सगळ्यांना नीट ऐकू आला.