अर्ध्या इंचाचा हट्ट

माहीमला होड्या बांधणारा तो सुतार बोलण्याआधी एक डोळा मिटायचा. समोर माणूस नसून फळी आहे आणि ती सरळ आहे का ते पाहायचंय, असं वाटे. मला पाहताना तो डोळा बराच वेळ मिटलेला असायचा.

पालघरच्या आमच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी त्याने इंजिन केलं होतं, खऱ्याच्या एका फुटाला एक इंच या मापाने. रूळ टाकायचं काम मी, भूगोलाच्या मास्तराने, हौसेने अंगावर घेतलं. आपल्या खऱ्या रुळांत साडेपाच फूट अंतर असतं, म्हणून इथे रुळांच्या आतल्या कडांमध्ये साडेपाच इंच हवे होते. मी मोजले बाहेरच्या कडांपासून. आत उरले पाचच. उद्घाटनाच्या सकाळी इंजिन रुळांवर बसेना.

"चाकं आत सरकव," हेडमास्तर सुताराला म्हणाले. "अर्धा इंच कोणाला दिसतोय? नाहीतर उचल इंजिन."

"अर्दा इंच म्हंजे खऱ्या गाडीचा अर्दा फूट. मंग ती आपली गाडी नाय, भलत्याच मुलखाची. चाकं सरकनार नाय, नि इंजिन पन हलनार नाय."

"अरे, शिक्षणाधिकारी दारात आलेत!"

"थांबू दे. गाडीसाठी सगलेच थांबतात."

आणि तो खाली बसून माझे खिळे उपटू लागला. साहेब आत आले तरी त्याने मान वर केली नाही. रूळ पुन्हा ठोकताना दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं होतं. मी लगबगीने वाकलो.

"मास्तर, तुमी नको. साहेब, जरा तुमी धरा."

साहेब कोटासकट गुडघ्यांवर बसले. अर्ध्या तासाने इंजिन त्यांच्याच हातून रुळांवर टेकलं, आणि हेडमास्तरांनी भाषण न वाचताच खिशात घातलं.