हात अजून वाळला न्हाई

इंग्रजीच्या पहिल्याच तासाला मगदूमबाईंनी आम्हाला वर्गाबाहेर काढलं आणि शाळेमागच्या गोठ्यासमोर उभं केलं. "बाजारात कुठलीबी एक म्हस बघितली, ती 'अ' म्हस. आणि ही समोरची, काल तुझ्या अंगावर आलेली, ती 'द' म्हस. कळलं?" न कळायला काय झालं? हेडमास्तर तणतणत आले, "बाई, इंग्रजीच्या तासाला म्हशी कशाला?" बाई म्हणाल्या, "पुस्तकातलं सफरचंद ह्या कुंडल गावात कुणी खाल्लेलं न्हाई, सर." आणि त्यांच्यादेखत तास पुढे चालू केला.

बाई सांगलीच्या जैन. अंगानं किडकिडीत, पण आवाज सगळ्या शाळेला ऐकू जायचा. पुस्तकी मराठी उत्तम येत असूनही मुद्दाम आमच्यासारखं बोलायच्या. "इंग्रजीला भ्यायचं न्हाई. तीबी कुणाच्या तरी चुलीपुढं बोलायची भाषा हाय." मला 'आय एट' आणि 'आय हॅव ईटन' यांतला फरक काही केल्या उमजेना. बाईंनी डबा संपवून हात धुतला आणि तो ओला हात माझ्या नाकासमोर धरला. "हॅव ईटन म्हंजे हात अजून वाळला न्हाई. एट म्हंजे ताटं घासून पालथी घातली."

एवढं करून मी मॅट्रिकला इंग्रजीतच आपटले. ऑक्टोबरला पुन्हा बसणार होते, तर वडिलांनी, आमच्या आण्णांनी, नेमके पेपराच्या दिवशीच मला बघायला पाहुणे बोलावले. मुलगा फौजेतला, रजा संपत आलेली, दिवस बदलणं शक्य नव्हतं. म्हणजे माझं शिक्षण संपलंच. हे कळताच बाई घरी आल्या आणि सोप्यात ठाण मांडून बसल्या.

"पाव्हण्यांना सांगलीला बोलवा. पेपर सुटला की पोरगी तिथंच बघू देत."

"आवं बाई, असं कुठं असतंय व्हय?" आण्णा म्हणाले.

"नसतंय. आपण करू."

बाई दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आईनं लवकर ताट वाढलं. "आण्णांनी हो म्हटलं की जेवते," बाई म्हणाल्या. दिवस मावळला, ताट तसंच राहिलं आणि बाई उपाशीच एसटीनं गेल्या. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पुन्हा हजर. पुन्हा ताट, पुन्हा तेच उत्तर. उन्हं कलली तशी आई रडायला लागली, दारातून माणूस सलग दुसऱ्यांदा उपाशी जाणार म्हणून. शेवटी आण्णा उठले. "जेवा बाई. बोलावतो सांगलीला."

पेपरात तोच 'एट' आणि 'हॅव ईटन'चा प्रश्न होता. बाकावर बसल्या बसल्या मी स्वतःचा हात हुंगला आणि उत्तर लिहिलं. बाहेर कडुनिंबाखाली पाहुणे ताटकळत होते, शेजारी आण्णा आणि बाई. मुलाच्या चुलत्यांनी विचारलं, "काय काय येतंय गं तुला?" मी मान वर केली. "आत्ताच इंग्रजीचा पेपर दिलाय. हात अजून वाळला न्हाई." आणि शाईनं माखलेली बोटं पुढे केली.

नकार आला. पोरगी लय धीट हाय म्हणे. आण्णा धुमसत होते, बाई म्हणाल्या, "मग निम्मा निकाल लागला की." उरलेला निम्मा बोर्डानं लावला. मी पास झाले.

बाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी पाटणला इंग्रजी शिकवत होते. फार रडले. त्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीचे वडील म्हणाले, पाहुणे यायचेत, ती परीक्षेला बसणार नाही. मी जैन नाही, रात्रीसुद्धा चांगली पोटभर जेवते. तरी त्यांच्या सोप्यात जाऊन बसले, आणि समोर आलेलं ताट बाजूला सारलं.