फाल्गुनातले डोंगर आणि आमची घाबरगुंडी

पायाला आलेले फोड आठ दिवसांत बरे होतात. भीतीचं तसं नसतं. घरी आल्यावर पहिल्या चहाला ती एवढीशी असते, दहाव्या चहाला तिला शेपटी फुटते, मिशा येतात! वर्ध्याला लागूनच असलेल्या बोरगाव मेघेला माझ्या घरी आमचा ग्रुप जमला, की हेच होतं. तरी खाली सांगतोय ते शेपटीशिवाय सांगतोय.

ग्रुप म्हणजे चार जण. मी कचेरीतला क्लार्क. वानखेडे सर हायस्कूलला सायन्स शिकवायचे. दिनूभाऊंचं हिंगणघाटला कापडाचं दुकान, आणि चौथ्या त्यांच्या मिसेस, सुमनवहिनी. नव्वद सालानंतर आम्हाला चालायचं वेड लागलं. होळीच्या आसपास वर्ध्याहून निघायचं, बोरच्या जंगलाकडच्या डोंगरांच्या कडेकडेनं तीन-चार दिवस चालायचं आणि कारंज्याला हायवेवरच्या ढाब्यावर जेवून बसनं परत. पळस फुललेला, मोहाचा वास सुटलेला. बाकी सगळा जीव मुठीत!

*

पहिल्याच वर्षी सागाच्या रानात माकडं ओरडायला लागली. "खॅक! खॅक!"

सर एकदम थांबले. "वाघ पाह्यला की असंच वरडतात."

दिनूभाऊंनी त्यांची बाही धरली. "सर, कोनत्या बाजूनं असन?"

"सोपं हाय. माकडं जिकडं पाहून राह्यली, तिकडं."

आम्ही वर बघितलं. सगळी माकडं आमच्याकडेच बघत होती!

आमच्याकडे, की आमच्या मागे? मान वळवून बघायची छाती एकाचीही झाली नाही. तसेच समोर बघत, एकमेकांचे खांदे धरून आम्ही टेकडी उतरलो. मागे काय होतं, ते आजतागायत कळलेलं नाही.

*

वहिनींचा किस्सा सकाळचा. मोहाखाली काळं घोंगडं पांघरून एक बाई वाकून फुलं वेचत होती. आमच्या बाटल्या रिकाम्या. वहिनी पुढे झाल्या आणि हाक मारली, "बाई, इकडं पानी कुठं भेटन वो?"

बाई उठून उभी राहिली. अस्वल!

आम्ही मागे दगड होऊन उभे. ओरडावं तर ते अंगावर यायचं, पळावं तर वहिनी एकट्या पडायच्या. अस्वलानं नाक वर करून हुंगलं, एक फुसकारा सोडला, पुन्हा चार पायांवर आलं आणि उतारानं निघून गेलं.

आम्ही धावत गेलो. वहिनी म्हणाल्या, "ते उभी राह्यली न, तशी मी बसूनच गेली बाप्पा!"

त्यांना उठवायला दोघं जण लागले.

*

एका वर्षी सरांनी लांबच्या टेकडीकडे बोट दाखवलं. "पळस पाहा, कसा लालभडक!"

वहिनी म्हणाल्या, "सर, पळसातून धूर काऊन निंघून राह्यला?"

वणवा! वारा आमच्याकडे फिरला. पायाखाली सागाचा वाळका पाला, घोट्यापर्यंत. आम्ही पळत सुटलो. सरांचा पाय मुरगळला, तसं दिनूभाऊंनी आपली पिशवी टाकली आणि सरांना पाठीवर घेतलं. शेजारून ससे पळत होते, एक भेकर पळत होतं, हात लांबवला तर लागेल इतकं जवळ. एरवी आमच्या खोकल्यानं उधळणारी जनावरं. त्या दिवशी आम्हाला कोणी भ्यालंच नाही.

आधीच जळून गेलेल्या एका काळ्या उतारावर पोचलो, तेव्हा वाचलो. बुटांचे तळ वितळून चिकट झाले होते. मग पाठीवरचे सर म्हणाले, "दिनूभाऊ, आता उतरवा मले."

"थांबा सर," दिनूभाऊ म्हणाले, "माये हातच सुटून नाई राह्यले."

*

पुढे मोबाइल आले. दिनूभाऊंनी पहिल्यांदा घेतला. रानात त्याला रेंज कुठली! एका टेकाडाखाली नाल्याच्या ओल्या रेतीत वाघाचा पंजा उमटलेला दिसला. आम्ही वाकलो. ठशात पाणी अजून झिरपत होतं. म्हणजे साहेब आत्ताच इथून गेले होते!

तेवढ्यात कुठून तरी रेंज आली आणि दिनूभाऊंच्या खिशात फोन वाजला. गाणंही असं कर्कश! त्यांनी तो कसाबसा कानाला लावला. गिऱ्हाईक विचारत होतं, दुकान उघडं आहे का?

दिनूभाऊ कुजबुजले, "आज बंद हाय. उद्याचं काई सांगता येत नाई."

*

त्यानंतरच्या एका फेरीत नवरा-बायकोचं सकाळीच बिनसलं. शॉर्टकटच्या नादात दिनूभाऊंनी आम्हाला भलत्याच खोऱ्यात नेलं होतं. वहिनी म्हणाल्या, "तुमाले माई काई फिकर हाय का?" आणि बोलणंच बंद केलं. दोघं दोन टोकांना चालू लागले.

दुपारी एका कड्याखाली चादर अंथरून भाकरी सोडली. वर आग्या माश्यांची पोळी लटकत होती, ती आम्ही बघितलीच नाहीत. कशानं बिथरल्या देव जाणे, पण एकाएकी आभाळ गुणगुणायला लागलं. सर आणि मी घाणेरीच्या जाळीत घुसलो. आतून एवढंच दिसलं की वहिनी खाली पडल्या आणि दिनूभाऊ चादर घेऊन त्यांच्याकडे धावले. मग नुसता काळा ढग.

ढग उठल्यावर आम्ही गेलो. दिनूभाऊंचे डोळे मिटले होते, श्वास घरघरत होता. तिघांनी उचलत, ओढत त्यांना रस्त्यावर आणलं. एका ट्रकवाल्यानं कारंज्याला दवाखान्यात पोचवलं. वाटेत वहिनी फक्त नवऱ्याचं नाव घेत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा!

इंजेक्शनं झाली, सलाइन लागलं. संध्याकाळी श्वास सरळ झाला. डॉक्टर चिमट्यानं पाठीतले माश्यांचे काटे काढत होते, संपता संपेनात. त्यांनी वहिनींकडे नीट बघितलं.

"तुम्ही सोबतच होत्या ना? तुम्हाला एकही माशी कशी नाही चावली?"

सुजलेल्या ओठांतून उत्तर दिनूभाऊंनीच दिलं.

"चादर लहान होती, डॉक्टरसाहेब."