ताईच्या गोळ्या आणि उंबऱ्यावरच्या काकू

गर्भपातावर मी लिहिणं म्हणजे आगाऊपणाच. मी पुरुष, धारला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. शाळाही सगळी हिंदीत झाली. चुकलंमाकलं तर वाचणाऱ्या ताया-काकूंनी माफ करावं.

माझी ताई देवासला दिली आहे. तिची लेक अजून वर्षाचीही नव्हती, तेवढ्यात पुन्हा दिवस गेले. आत्ता नको, असं तिनं आणि जिजाजींनी ठरवलं. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि सांगितलं, सुरुवातीचे दिवस आहेत, गोळ्या किंवा मशीन, दोन्ही चालेल. ताईनं मला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"नीट सांग. घाबरवू नको."

मी सांगितलं. मशीननं ओढून घेतात, दवाखान्यात काही मिनिटांचं काम. क्वचित जंतुसंसर्ग होतो, अगदी क्वचित पिशवीला इजा. गोळ्यांनी घरीच होतं, पण कळा येतात, रक्त पाळीपेक्षा जास्त जातं आणि कधी आत थोडं राहून जातं. मग मशीन लागतंच.

"आमच्या वेळी बेशुद्ध करून खरवडायचे," मागून ताईच्या सासूबाई म्हणाल्या.

"काकू, ते आता सहसा करत नाहीत. त्यात इजेची भीती जास्त."

"घ्या! दोन वर्षं नाही झाली शिकून, अन् डॉक्टरांना शिकवतोय!"

ताईनं गोळ्या निवडल्या. मला धास्ती वेगळीच होती. त्या घरात सोवळं फार. रक्त जात असेल तर बाई मागच्या खोलीत बाजूला बसते, तिला कोणी शिवत नाही, विचारतही नाही. आणि इथे तर विचारणारं माणूसच हवं. मी चाचरत काकूंना म्हटलं, तासाला दोन पॅड, तेही लागोपाठ दोन तास भिजले, तर लगेच दवाखाना. ताप राहिला तरी.

"मी आत जायची नाही," काकू म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

पहिली गोळी झाली. बाकीच्या घेतल्या त्या दुपारी जिजाजींचा फोन आला. त्यांना हसू आवरेना. "भिया, तू सुन तो सही." भिया म्हणजे आमच्याकडचं भैया.

पॅड मोजायला काकूंनी उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकली होती. शिवायचं नाही, पण आवाजाला कुठला विटाळ?

"सूनबाई, कितवा?"

"आई, हळू! पहिलाच आहे!"

"चक्कर?"

"नाही! पण तुम्ही अशाच ओरडलात तर येईल!"

शेजारच्या भाभी डोकावल्या. कितवा काय?

"चहाचा कप," काकू म्हणाल्या. "आमच्या सुनेला चहा फार लागतो."

संध्याकाळपर्यंत रक्त कमी झालं. पण आत काही राहिलं नाही ना, हे दोन आठवड्यांनी तपासणीतच कळणार होतं. तपासणीच्या दिवशी माझी वॉर्डात ड्यूटी, फोन कपाटात बंद. लक्ष कशात लागेना. सुटल्यावर पाहतो तर काकूंनी आवाज रेकॉर्ड करून पाठवलेला:

"अरे, ऐकतोस ना? पिशवी साफ आहे. आत काही राहिलं नाही. ताई ठणठणीत आहे तुझी."