बुरशी धरलेल्या दुर्बिणीतला माणूस

पूर्वोत्तरेतल्या डोंगरांत माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी हवालदार होतो. ट्रेड इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. म्हणजे युनिटच्या दुर्बिणी, बंदुकांवरच्या नेमाच्या साइट, कॅमेरे उघडायचे, साफ करायचे आणि पुन्हा बसवायचे. माझं गाव ईट, तालुका भूम. आमच्याकडं काचेची वैरीण म्हणजे धूळ. उन्हाळ्यात दार लावून जेवलं तरी भाकरीत कचकच लागते. ओलीनं भिंग मरतं हे ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं. डोळ्यांनी बघितलं ते त्या डोंगरांत.

तिथं पाऊस थांबला तरी धुकं असायचं. बुटांना बुरशी, पट्ट्यांना बुरशी. दुर्बिणीच्या आत, दोन भिंगांच्या मध्ये ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. बाहेरून कितीही पुसा, जात नाही. वेळेवर काढली नाही तर काच खाते, आणि मग कुणाच्याच हातात काही राहत नाही.

वर्कशॉपमध्ये रोजचं काम ठरलेलं. आधी रबरी फुंकणीनं धूळ उडवायची. मग मऊ ब्रश. मग लेन्स टिश्यूवर औषधाचा थेंब घेऊन मधून कडेकडे गोल पुसायचं. धुळीचा कण असताना पुसलं तर चरा पडतो. तोंडानं फुंकर मारायची नाही, श्वासातही पाणी असतं. साफ झालेली वस्तू हवाबंद पेटीत, सोबत सिलिका जेलची पुडी. तिचे निळे खडे ओल पिऊन गुलाबी झाले की तव्यावर भाजून परत निळे करायचे. जवान म्हणायचे, हवालदार साहेबांनी आज पुन्हा फुटाणे भाजायला घेतले.

एके दिवशी वरच्या पोस्टवरून निरोप आला. टेहळणीच्या मोठ्या दुर्बिणीत दोष आहे, मेकॅनिक पाठवा. मी हत्यारांची पेटी खेचरावर लादून वर गेलो.

पोस्टचे कमांडर सुभेदार साहेब गढवालकडचे. त्यांनी मला चहा दिला आणि मग खरं काय ते सांगितलं. पोस्टच्या समोर नाला होता. नाल्याच्या पलीकडं सरळ चढत गेलेला उतार, आणि त्या उताराच्या पायथ्याला आमचा खालचा कॅम्प. कॅम्पात आमची एक सेक्शन, म्हणजे दहाएक जवान, आणि रस्त्याच्या कामावरचे मजूर राहायचे. रोज सकाळी धुकं फाटलं की त्या उतारावर, कॅम्पच्या वर, एक माणूस उभा दिसायचा. दोन्ही हात अर्धे वर केलेला. हलायचा नाही. पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, पाठवली तर तिथं कुणी नाही, पावलांचे ठसेही नाहीत. ही गोष्ट कॅम्पपर्यंत पोचली होती. मजूर त्या बाजूला पानावर भात ठेवायला लागले होते.

दुर्बिणीवर बहुतेक वेळ लान्स नायक दत्ता असायचा. तो येरमाळ्याजवळच्या वस्तीवरचा. घरापासून इतक्या लांब आपल्या बोलीचा माणूस भेटला म्हणून आम्ही दोघंही जरा जास्तच बोललो. इतरांसमोर तो मला हवालदार साहेब म्हणायचा, एकटे असलो की भाऊ. मी विचारलं, तुला काय वाटतं. तो म्हणाला, "भाऊ, मी भुताला भ्यायचो न्हाय. पर ह्यो माणूस रोज थोडा खाली उतरतुय."

मी डोळा लावून बघितलं. धुक्यात मलाही तो दिसला. काळा, उंच, हात उचललेला. त्याच्या डोक्याभोवती बारीक केसांसारखं काहीतरी होतं. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला.

दुर्बीण गार होती आणि बंकर शेगडीनं गरम. लगेच उघडली असती तर आत वाफ धरली असती. म्हणून पिशवीत गुंडाळून ठेवली आणि बंकरच्या हवेइतकी गरम झाली तेव्हा उघडली. आतल्या भिंगावर बुरशीची बोटभर नक्षी होती. केस दिसत होते ते तेच. ती काढली, भिंग सुकवलं, सील नवीन बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं फाटलं तेव्हा सगळी पोस्ट दुर्बिणीभोवती होती. उतारावर एक जळकं खोड उभं होतं. वीज पडून काळं झालेलं, दोन मोडक्या फांद्यांचं. माणूस शोधणारी पेट्रोल त्याच्या शेजारूनच गेली असणार. सुभेदार साहेब हसले. म्हणाले, "लो, भूत पकड़ा गया." जवानही हसले.

दत्ता हसला नाही. त्यानं दुर्बीण सोडलीच नाही. मग मला म्हणाला, तुम्ही बघा. खोडाच्या बाजूला जमिनीत खोल रुतलेला एक पांढरा खडक होता. मी आलो तेव्हा तो माणूस खडकाच्या वर दिसत होता हे मलाही आठवत होतं. आता खोड खडकाच्या खाली होतं. मी तिपाई तपासली. ती सिमेंटात बसवलेली, तसूभर हललेली नव्हती. काल भिंगात अंधुकपणा होता, पण त्यानं दिसणारी जागा बदलत नाही. मी दुर्बीण वर सरकवली. खोडाच्या बऱ्याच वर, गवतातून, उताराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताज्या मातीची एक रेघ गेली होती. काल ती दिसणं शक्यच नव्हतं.

झाड चालत नव्हतं. डोंगर चालत होता.

सुभेदार साहेबांनी स्वतः बघितलं आणि कॅम्प रिकामा करण्याची ऑर्डर दिली. कॅम्पातला वायरलेस सेट सकाळपासून उत्तर देत नव्हता. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. कुणीतरी उतरून जायला हवं होतं. दत्ताला ती पायवाट पाठ होती. तो हातातला सेट घेऊन एका जवानासोबत निघाला. मला हुकूम मिळाला, दुर्बिणीवर बसा आणि खोडावरून नजर काढू नका.

मी बसलो. श्वास बाजूला सोडत होतो, नाहीतर काच धुरकट व्हायची. खोड थोडं पुढं वाकलेलं होतं, एखादा माणूस ओणवून खाली बघतो तसं. ते झाड आहे हे मला माहीत होतं. तरी ते कॅम्पकडंच बघतंय असं वाटत राहिलं.

दत्ता पोचला. लोक नाल्याच्या या काठावर चढताना मला दिसले, पाठीवर बोचकी घेतलेले. मग सेटवर त्याचा आवाज आला. "कॅम्प खाली हो गया. लांगरी अंदर है, बुखार में. ला रहा हूँ." लांगरी म्हणजे आमचा स्वयंपाकी. वयानं मोठा माणूस, तापानं तंबूतच पडून होता.

तेव्हा खोड हललं. मी बटण दाबलं आणि नियम सोडून मराठीत बोललो. "दत्ता, झाड हललंय. निघ तिथनं."

"आलो भाऊ."

तंबूतून दोघं बाहेर येताना दिसले. लांगरीचा हात दत्ताच्या खांद्यावर होता. नाल्याच्या काठावर सोबतचा जवान उभा होता. दत्तानं लांगरीला त्याच्याकडं ढकललं. आणि धुकं आडवं आलं.

आवाज फार मोठा झाला नाही. ओल्या ज्वारीची पोती कुणीतरी एकामागून एक ओढत न्यावीत तसा होता, आणि बराच वेळ चालला. पक्षी गप्प झाले. मी सेटवर हाक मारायला लागलो. उत्तर नव्हतं, पण सेट मेलेलाही नव्हता. पलीकडं बटण दाबलं गेलेलं होतं. आमच्या बंकरात पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता, आणि तो आमच्या बंकरातला नव्हता. सुभेदार साहेबांनी टोपी काढली आणि ते माझ्या शेजारी बसले. बॅटरी उतरेपर्यंत आम्ही ते ऐकलं.

धुकं निघालं तेव्हा उतार नव्हता आणि कॅम्पही नव्हता. लाल चिखल होता. त्या चिखलाच्या मधोमध, जिथं तंबू होते तिथं, ते काळं खोड सरळ उभं होतं. इतक्या मातीत लोळूनही ते आडवं पडलं नव्हतं. आम्ही उतरलो आणि हातांनी खणत राहिलो. दत्ता त्या खोडापासून दोन हातांवर सापडला. मग आमच्यातल्या कुणीतरी ते खोड पाडलं. कुणी ऑर्डर दिली नव्हती आणि कुणी विचारलंही नाही.

बाकी सगळे वाचले, लांगरीसुद्धा.

आता मी पेन्शनवर आहे. भूमला एसटी स्टँडजवळ कॅमेरे साफ करायचं छोटं दुकान आहे. लग्नाचे फोटो काढणारी पोरं लेन्स आणतात, बहुतेक धुळीच्या. शर्टाच्या टोकानं पुसू नका, हे मी रोज सांगतो.

त्या दिवसानंतरच्या पहिल्या सुट्टीत मी दत्ताच्या घरी गेलो होतो. येरमाळ्याला उतरून शेतातून वस्तीवर चालत गेलो. वडील कमी बोलणारे. त्यांनी पाणी दिलं, बाज टाकली. आईनं ज्वारी निवडता निवडता विचारलं, शेवटी त्याच्याशी कोण बोललं. मी म्हणालो, मीच.

"काय म्हणला त्यो?"

"मी निघ म्हणालो. तो म्हणाला, आलो."

तिचा हात सुपात थांबला.

"तसंच म्हणायचा," ती म्हणाली. "रानात हाक मारली की तिकडनंच वरडायचा, आलो म्हणून. पर हातातलं काम पुरं झाल्याबिगर कवाच यायचा न्हाय."

वडील उठून गोठ्याकडं गेले. त्या 'आलो'नंतर सेटवर काय ऐकू येत होतं ते मी तिला सांगितलं नाही, आणि अजूनही त्या घरात कुणाला माहीत नाही. तिनं मला जेवू घातलं. बाहेर तूर फुलावर आली होती. ती पेरणी दत्तानं आधीच्या सुट्टीत येऊन केली होती.