दोन ऑपरेशनांच्या मधले दिवस

आमच्याकडे भासऱ्यांसमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बाईने तोंड उघडायचे नाही. काही सांगायचे तर जावेकडून सांगायचे. लग्न झाल्यापासून मी ते पाळले. मला जडही गेले नाही, मी मुळातच कमी बोलणारी.

यांच्या छातीतली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी दोन ऑपरेशने करायचे ठरवले. आधी छाती उघडून डोक्याकडे आणि हातांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दुसऱ्या जागी जोडल्या. ते नीट झाले. मग जांघेतून तार घालून फुगलेल्या जागी आतून कापडी नळी बसवायची होती. त्याआधी डॉक्टरांनी भासऱ्यांना आणि मला खोलीत बोलावले. म्हणाले, यात कधीकधी कण्याला रक्त कमी पडते, पाय लुळे होऊ शकतात. पण नाही केले तर ती नस कधी फुटेल सांगता येत नाही.

"त्याले काही सांगू नका जी," भासरे म्हणाले. "भेते तो. आम्ही हाव म्हणतो ना."

मी पदर पुढे ओढला. "डाक्टर साहेब, त्यांले सांगा. पाय त्यांचे आहेत."

भासरे पाहतच राहिले. डॉक्टरांनी यांना सगळे सांगितले. हे म्हणाले, "धानाचा रोवणा होऊ द्या, मंग येतो," आणि घरी आले.

रोवणा झाला, सगळ्या बांध्यांत धान लावून झाले. निंदणही होत आले. हे रोज बांधावर जातात. जरा खोकले की माझे हातातले काम थांबते. जाऊ म्हणते, "एकदाच बोलली वो बाई, अन् केवढं बोलली!"

काल भासरे अंगणात आले. जाऊ तिथेच होती, तरी माझ्याकडे वळून म्हणाले, "तूच सांग त्याले आता. माह्यं ऐकून नाही राहिला."

मी आत गेले. हे पायांना तेल चोळत बसले होते.

"चला ना नागपूरले," मी म्हणाले.

"अन् पाय गेले त?"

मी तेलाची वाटी उचलली.

"नाही जात म्हण. खोटं तरी बोल."

मला तेही जमले नाही. मी खाली बसले आणि दुसऱ्या पायाला तेल लावू लागले. यांनी पाय ओढून घेतला नाही, पण येतो असेही म्हटले नाही.